साखरेचे वाळे

नेर,
सोमवार, २९ डिसेंबर

प्रिय अपेक्षा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून आधी घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. तुझे बाबा ठीक आहेत, आणि माझे गुडघेही ठीक आहेत. गुडघ्यांचं पुढे सांगते. रोज सकाळी फोनवर बोलतो आपण, तरी ही बाई पुण्याला पत्र धाडत का बसली, असं वाटेल तुला. पण फोनवर तू "आई, जेवलीस का?" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि बाकीचं सगळं सांगायचं राहून जातं. शिवाय खरं सांगू? फोन लावला की मी रिंगा मोजते. चौथीपर्यंत तू उचलला नाहीस तर मी देवाचं नाव घ्यायला लागते. परवा तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा नऊ रिंगा झाल्या. तुझ्या बाबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि मला पाणी दिलं. तुझा नववा लागल्यापासून माझं हे असं चाललंय. त्यात आपल्या जावईबापूंनी, राजदीपरावांनी, सहज सांगितलं की तुझं बीपी जरासं वाढलंय. त्यांच्या लेखी ते जरासंच असेल.

तर आधी बातमी. तू मला न विचारता माझं नाव घातलंस त्या यवतमाळच्या केक सजावट आणि साखरकला संमेलनाला मी काल जाऊन आले. संध्याकाळी तुला "छान झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते काही खरं नव्हतं. जायच्या आधीच आठ दिवस माझी टाळाटाळ चालू होती. शेवटी तुझे बाबा वैतागले. "जाऊन ये ना वं. साखरच तं हाय, वाघ हाय काय तिथं? कायले एवढी भेऊन राह्यली?" म्हणाले, आणि स्वतः मला एसटीत बसवून गेले. मला वाघ चालला असता.

पण तुझी हौस मी मोडणार नाही, तिथलं सगळं सांगते. मंगल कार्यालयाचा हॉल होता आणि डिसेंबरात एसी लावलेला. मला वाटलं यांना वेड लागलं, तर म्हणे गरमीने साखर घाम धरते. सगळीकडे केक, पण केकासारखा एकही नाही. एक होता शिट्टीसकट प्रेशर कुकर. एक होता कापसाच्या बोंडांनी भरलेला गाडा, आणि ती बोंडं इतकी खरी की एका आजोबांनी चिमटीत धरून धागा किती लांब निघतो ते पाहिलं. ज्या पोरीचा केक होता ती रडवेली झाली. साखर कणकेसारखी मळून लाटतात, तिला फॉन्डंट म्हणतात, हे मी शिकले. चव घेतली. पिठीसाखर खाल्ल्यासारखंच लागतं, उगाच मोठं नाव.

माझ्या शेजारचं टेबल उज्ज्वला राठोडचं होतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची पोर, तुझ्याच वयाची, तिथूनच केकच्या ऑर्डरी घेते. तिच्या आजीची, जमनीबाईंची, आरशांची ओढणी तिने केकावर उतरवली होती. प्रत्येक टाका साखरेचा आणि आरसेही साखरेचेच, पाक ओतून केलेले. मी वाकून पाहिलं तर त्यात माझा चेहरा दिसला. एवढा घाबरलेला चेहरा घेऊन आपण लोकांत फिरतो, हे मला कळलं नव्हतं.

मला त्यांनी 'पारंपरिक साखरकला' अशा पाटीखाली बसवलं होतं. हलवा मी घरूनच करून नेला होता. आठ दिवस रोज सकाळच्या थंडीत, मंद शेगडीवर परात ठेवून, पाक थेंब थेंब सोडत, बोटांनी फिरवत. तुला ठाऊक आहे, थंडी नसेल तर हलव्याला काटा येत नाही. सोबत नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने नेले होते. मंगळसूत्र, बांगड्या, गजरा. फक्त नवरीचे. लहान बाळांचे दागिने मी सहा वर्षांत केलेले नाहीत. बोरन्हाणासाठी कोणी मागायला आलं की मी सांगते, बारीक काम आता डोळ्यांना झेपत नाही. नवरीच्या मंगळसूत्राचे मणी मात्र झेपतात, हे अजून कोणी विचारलं नाही.

आणि माझ्या टेबलावर त्यांनी एक कार्ड उभं करून ठेवलं होतं. माझं नाव, गावाचं नाव, आणि खाली मोठा रंगीत फोटो. अर्जासोबत तू पाठवलेला. हलव्याचा इवलासा मुकुट, हार, बाजूबंद, करदोटा, पायांतले वाळे. सगळं तान्ह्या बाळाच्या मापाचं. अपेक्षा, माझ्या हातून परात कलंडली. निम्मा हलवा जमिनीवर गेला. ते दागिने माझ्याशिवाय जगात कोणी पाहिले असतील असं मला सहा वर्षं वाटत नव्हतं.

आता सांगते. कधीतरी सांगायलाच हवं होतं.

तुझं पहिलं बाळंतपण आपल्याकडे होतं. तारीख डिसेंबरच्या मध्याची. मी हिशेब घातला की रथसप्तमीपर्यंत बाळ पावणेदोन महिन्यांचं होईल, मांडीवर घेऊन बोरन्हाण करता येईल. पण तेव्हा मी तुझ्या शेकशेगडीत असणार, मला हलवा कोण करू देणार? म्हणून नोव्हेंबरात थंडी पडताच मी तो करून घेतला. बाळ यायच्या आधी बाळाचं काही करून ठेवायचं नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या सासूबाईंनी तर झबल्याचं कापडही घरात येऊ दिलं नव्हतं. पण त्या वर्षी काटा इतका सुंदर आला होता की मला मोह आवरला नाही. तू दुपारची झोपायचीस तेव्हा मी मागच्या खोलीत बसून ओवायची. सगळ्या गावाच्या नातवंडांचे दागिने केले, आपल्याच बाळाचे सगळ्यात सुरेख व्हावेत, एवढीच माझी हाव. शेवटचा वाळा ओवून झाला, डबा बंद केला, आणि त्यानंतर नवव्या दिवशी तू म्हणालीस, आई, बाळ हलत नाहीये.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, नाळेचा वेढा होता, कोणाची चूक नाही. मी मान हलवली. त्यांना डब्याचं कुठे ठाऊक होतं! घरी आल्यावर तो डबा मी तुरीच्या कोठीत खाली दडपला. फेकवला नाही आणि उघडवलाही नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस, मी तुझ्या पायांना तेल लावायची, आणि माझ्या मनात एकच चालायचं, की मी केलं, हे मी केलं. तुझ्यासमोर मी कधी रडले नाही. तुला वाटलं असेल आई किती खंबीर. अगं, मी रडायला लागले असते तर सगळं बाहेर पडलं असतं.

आता कालचं पुढे ऐक. माइकवाल्या बाई आल्या आणि कार्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, हेच करून दाखवा ना. फोटो पाहूनच तर तुम्हाला बोलावलं." पंचवीसतीस बाया मोबाईल धरून उभ्या राहिल्या. मी सुई घेतली. एक दाणा ओवला, दुसरा ओवला, तिसरा ओवला, आणि मला वाटलं, आत्ता या क्षणी तू तिकडे पलंगावर बसली असशील आणि पोटातली हालचाल थांबली असेल. सुई दाण्यात जायच्या ऐवजी बोटात गेली. उज्ज्वलाने पाहिलं. "मावशी, हात काहून थरथरून राह्यले तुमचे?" म्हणत तिने मला खाली बसवलं. तिला मी सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तं हप्त्याला एक बनवते, मावशी. डोहाळजेवणाच्या केकावर बाळाचे बूट, पाळणा, सारं राह्यते. सगळ्याईचे लेकरं मजेत खेळून राह्यले." मग म्हणाली, "पण माझ्या पोटात लेक होती तवा माझ्या याडीनं मले तसा केक करू नाही देल्ला." याडी म्हणजे त्यांच्याकडे आई. पोर खोटं बोलली नाही म्हणून बरं वाटलं, आणि त्याच कारणाने जास्त भीतीही वाटली. मी ते तीन दाणे उसवले. माझ्याऐवजी तिनेच नवरीच्या बांगड्या लोकांना दाखवल्या. मी कार्ड पिशवीत घातलं आणि चक्कर येते म्हणून निघून आले.

एसटीत खिडकीजवळ बसून मी तो फोटो नीट पाहिला. घाबरलेल्या माणसाला आधी फक्त काय आहे ते दिसतं, कसं आहे ते मागाहून दिसतं. मुकुट एका तळहातावर ठेवलेला आहे. हात तुझा आहे, अंगठ्याजवळचा तीळ मी ओळखणार नाही का? आणि मनगटापाशी पांढरी पट्टी आहे, सलाइनच्या सुईवर लावतात ती. ती पट्टी तुझ्या हाताला घरी आल्यावर दोनतीन दिवस होती, मीच कोमट पाणी लावून काढली. म्हणजे तू तेव्हाच तो डबा काढला होतास. मी नळावर गेले असेन, नाहीतर देवळात. तुला पलंगावरून उतरायची ताकद नव्हती, आणि तू कोठीपर्यंत गेलीस. सहा वर्षं तुला ठाऊक होतं. दर दिवाळीला आलीस, माझ्या हातचं खाल्लंस, आणि एक शब्द बोलली नाहीस.

बाभूळगावची एक बाई शेजारी बसली होती, ती विचारत होती, ताई, काही झालं का. मी कार्ड पिशवीत सरकवलं. मला वाटत होतं, हा फोटो पाठवून तू मला जाब विचारते आहेस. इतकी वर्षं गप्प राहिलीस आणि आता दुसऱ्या बाळाच्या तोंडावर, मी काय केलं होतं ते चारचौघांत माझ्यासमोर उभं केलंस. आईबद्दल असं वाटायचा तुला हक्क आहे, असंही वाटलं. घरी आले ती चप्पल न काढता कोठीकडे गेले. तुरीत हात घालून डबा काढला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा झाकण उघडलं. हलवा पिवळसर झालाय, काटा मात्र एक मोडला नाही. मुकुट होता, हार होता, बाजूबंद, करदोटा, सगळं होतं. वाळा एकच होता. मी फडकं झटकलं, डबा उलटा केला, तुझ्या बाबांना बॅटरी धरायला लावून कोठीचा तळ पाहिला. दुसरा नाही. फोटोत दोन आहेत. मग मी तिथेच तुरीच्या ढिगाशेजारी बसले. जाब विचारणारं माणूस वाळा घेऊन जात नाही, एवढं मला कळतं.

आता हे पत्र कशासाठी ते. दोनदा मी पुण्याला यायचं पुढे ढकललं, गुडघ्यांचं नाव सांगून. गुडघ्यांना काही झालेलं नाही. मला माझ्या हातांची भीती वाटत होती. बाळाला पहिलं घ्यायचं ते या हातांनी, पहिली आंघोळ घालायची ती याच हातांनी, म्हणून मी येत नव्हते आणि तुला वाटत होतं आईला माझी काळजी नाही. मी येत्या शनिवारच्या गाडीने येते आहे. भीती गेली म्हणून नाही, तिच्यासकट येते आहे. उरलेला हलवा सोबत आणते, पण बाळ रडलेलं ऐकल्याशिवाय सुईत दोरा घालणार नाही, यात हट्ट करू नकोस. डबाही आणते. तुझ्याजवळचा वाळा काढून ठेव. जोडी जुळवू आणि दार लावून बसू. तुझ्या त्या पहिल्या लेकीसाठी आपण दोघी एका खोलीत कधी रडलोच नाही गं. हे बाळ यायच्या आधी तेवढं करून घेऊ. आणि तोवर माझ्यासाठी एवढंच कर, फोन चौथ्या रिंगेच्या आत उचल.

तुझीच,
आई