पाइप कुठून काढाचा

३ जानेवारी

पाइप तुटला! सायलेन्सरचा. नाल्याच्या खड्ड्यात मेटाडोर आदळला अन् खालून खाडकन आवाज. मंग शेलूबाजारपावतर सारी दुनिया जागी करत गेलो. मांगं कुत्रे. मी अन् आई मांगं, माल भराच्या डाल्यात, पालकाच्या जुड्यायपाशी, रोजच्यासारखं. आज फळ्यायच्या फटीतून धूर वर येत होता.

आई म्हने, "अंजू, उतरल्यावर सांग तुह्या मोठ्या बाबाले. मांगं धूर येते म्हना."

आई स्वतः कशी सांगन? मोठे बाबा तिचे भासरे. माह्या बाबाचे मोठे भाऊ. गाडी तेच चालवतेत. बाबा भाजीच्या बगीच्यात पानी पाहातेत, त्यायले गाडी येत नाही. अन् आई भासऱ्यासोबत बोलत नाही, त्यायच्या बरोबरीनं बसत नाही. म्हनून पुढं केबिनमंधी दोन सीटा रिकाम्या अन् आमी मांगं भाजीत. निरोप इकडून तिकडं न्याले मी. मी! जिले बोलता येत नाही.

खिडकीपाशी गेली. मोठे बाबा म्हने, "काय वं?"

"काही नाही."

काही नाही म्हनली मी!

४ जानेवारी

मी नाही सांगतलं तरी आवाजानं सांगतलं. मोठे बाबानं गाडी हरिसिंगच्या वेल्डिंगच्या दुकानावर लावली. मी जॅकपाशी उभी. कोनी पाहू नये म्हनून हिरव्या सांबाराच्या जुड्यायची टोपली पोटाशी धरून.

हरिसिंग गाडीखाली पाठीवर झोपून. खालूनच म्हने, "रंगरावभाऊ, पाइप कुठून काढू?"

मोठे बाबा म्हने, "डावीकडून नको. बाजारात दुकानं डावीकडं. लोकायच्या तोंडावर धूर गेला तं शिव्या मले खा लागतीन."

"उजवीकडून?"

"उजवीकडून मोटारसायकलवाले जातेत. त्यायचे शर्ट काळे करतो का?"

हर्षल — मोठे बाबाचा पोरगा — म्हने, "बाबा, वरून काढा! केबिनच्या मांगून सरळ आभाळात. काय रुबाब दिसन!"

"अन् काजळी भाजीवर पडन, तवा तो रुबाब इकजो बाजारात."

हरिसिंग हासला तं खालून खोकलाच आला त्याले. मंग म्हने, "सरळ मांगं काढतो. गाडी पुढं जाईन, धूर मांगं राहीन. कायची चिंता?"

सगळ्यायले पटलं. मलेबी पटलं. माह्या मांगं पदर घेऊन उभ्या आईनं हळूच इचारलं, "मांगं म्हनजे आपल्याच पायापाशी ना वं?" मी म्हटलं, हो, पन बाहेर.

६ जानेवारी

धूर मांगं राहात नाही. आत येते.

काहून येते समजत नाही. भाजीले हवा लागू नये म्हनून ताडपत्री समोरून अन् दोन्ही बाजूनं बांधलेली. मांगून उघडी, आमाले श्वास घ्याले. अन् त्या उघड्यातूनच तो वास. डोळे चुरचुर, तोंड कडू.

जऊळक्याच्या फाट्यावर आईनं केबिनच्या पत्र्यावर एक थाप मारली. गाडी थांबली. ती उतरून उकिडवी बसली अन् ओकली. पदर तसाच डोक्यावर. ओकतानीबी पदर सांभाळते!

मोठे बाबा आरशात पाहून मले म्हनले, "पित्त झालं असन. लिंबू चाखाले दे तिले."

आई म्हने, "सांग ना वं, धुरानं होऊन राह्यलं म्हना."

मी बोलली. इंजन चालू होतं. ते म्हनले, "काय? जोरानं बोल."

जोरानं बोल म्हटलं का माहा होता तो आवाजबी जाते. शाळेतबी हेच. नववीत धडा वाचाले उभी केली तं पह्यल्या ओळीवरच अडकली, सारा वर्ग हासला. मंग दुसऱ्या दिवशी नाही गेली. मंग गेलीच नाही.

मी म्हटलं, "लिंबू नाही."

७ जानेवारी

माह्या ओढणीची एक चिंधी फाडली. मांगच्या फाळक्याच्या कडीले बांधली. गाडी चालली का चिंधी बाहेर उडाले पाह्यजे ना, धुरासोबत? थे आत उडत होती! सारखी माह्याकडं. जशी कोनी आतून ओढून राह्यलं.

म्हनजे धूरबी तसाच ओढल्या जाते. मले समजलं. आता कोनाले सांगू? हर्षलले सांगू म्हटलं. तो म्हने, "काय वं अंजे, झेंडावंदन हाये का आज?"

चिंधी सोडून मुठीत घेतली.

९ जानेवारी

आईनंच मांगून ताडपत्री ओढून बांधली. धूर बंद होईन म्हने. बंद काय! फटीतून खालून यायचा तो आलाच, अन् आला तो जाईना. पालक उबला. जुड्या पिवळ्या पडल्या. बाजारात एक बाई जुडी सुंगून म्हने, "काहो लिलाबाई, भाजी चुलीवरून उतरवून आनली का?" आई हासली. आईले बाजारात लय हासू येते. सगळे तिले नावानं ओळखतेत. घरी तिले कोनी नावानं हाक मारत नाही.

घरी आली का डोकं धरून पडून राहाते.

१० जानेवारी

आज बरी होती. मले उगीच भेव वाटते का?

११ जानेवारी

रात्र लय झाली. तरी लिहिते.

आज आई बोलता बोलता गप झाली. म्हटलं झोप लागली. तिचा हात माह्या मांडीवर होता, थो घसरला. "आई" म्हटलं. "आई वं." डोळे अर्धे उघडे, पन मले पाहात नव्हती.

मी केबिनच्या पत्र्यावर थापा मारल्या. आमचं ठरलेलं हाये — एक थाप म्हनजे थांबा, दोन म्हनजे जाऊ द्या. मले सुधरलं नाही. दोन्ही हातानं मारतच राह्यली. धडधड धडधड. अन् मोठे बाबानं गाडी अजून पळवली! त्यायले वाटलं आमी म्हनून राह्यलो, चला, उशीर झाला.

ओरडाले पाह्यजे होतं. तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. आईले पाहूनबी नाही निघाला!

मंग ताडपत्रीची दोरी दातानं सोडली. आईचं डोकं धरून फाळक्यावर बाहेर काढलं, वाऱ्यात. मांगून येनाऱ्या जीपवाल्यानं पाह्यलं, हॉर्न मारत पुढं गेला, आडवी लावली जीप.

दवाखान्यात नळी लावली नाकाले. डॉक्टर म्हने, "धूर चढला यायले. अजून थोडा टाइम गेला असता तं..." आई संध्याकाळी मले म्हने, "पालक कोनी उतरवला?" तवा मी रडली.

मोठे बाबा दाराच्या बाहेरच उभे. टोपी हातात. आत नाही आले. भासरा कसा येईन, ती खाटेवर झोपलेली. मले बाहेर बोलावून म्हनले, "थापा काहून मारल्या तितल्या? एक माराची होती ना बेटा."

शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

१२ जानेवारी

पुन्हा हरिसिंग. मी आपल्या पायानं गेली आज. कोनी बोलावलं नाही. चिंधी फाळक्याले बांधली अन् मोठे बाबाकडं पाहात उभी राह्यली. बोटानं दाखवलं, बाहेरून आत.

मोठे बाबानं चिंधी पाह्यली. हर्षलले म्हनले, "चालव गाडी. मी मांगं बसतो." ताडपत्री बांधून, आमी बसतो तसे, गुडघे पोटाशी घेऊन बसले. गाडी बायपासपावतर जाऊन आली. उतरले तं डोळे लाल. ओट्यावर बसून पानी तोंडावर मारलं.

"उजवीकडून काढ," म्हने. "चाकाच्या पुढून, तोंड खाली. मोटारसायकलवाले देतीन शिव्या तं देऊ दे."

हरिसिंगनं काढला. फळ्यायच्या फटीतबी पत्रा मारला. मोठे बाबा पुन्हा मांगं बसले, पुन्हा फेरी. आले अन् म्हनले, "थोडासा येतेच."

हरिसिंगनं चश्मा कपाळावर केला. "भाऊ, एक सांगू? पाइप कुठूनबी काढा. मांगं मानूस बसला तं थोडासा त्याच्या नाकात जाईनच. पुढं दोन सीटा रिकाम्या पळतेत तुमच्या."

हर्षल टायर पाहाले लागला.

मोठे बाबा म्हने, "भासरा होय मी तिचा."

"मालूम हाये. आमच्यातबी तेच हाये," हरिसिंग म्हने. अन् हातोडी उचलली. मारली कशावरच नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आई काल घरी आली. आईचा तिळगूळ मोठ्या बाबाले नेऊन दिला. त्यायचा आईले आनून दिला. आंगनाच्या मधातून मीच जाऊन राह्यली, येऊन राह्यली.

१५ जानेवारी

हर्षल म्हने, "काकूनं आता घरीच राहावं. बाजार मी करतो. बाबाबी तेच इचार करून राह्यले वाटते."

आईनं आयकलं. तराजू घासत बसली. स्वच्छच होता थो. मंग मले म्हने, "सांग तुह्या मोठ्या बाबाले — म्या मांगंच बसन. धूर खाईन. पन घरी नका बसवू म्हना."

गेली मी. मोठे बाबा गोठ्यात होते. मी म्हटलं, "आई म्हनते —"

म्हशीनं मान हालवली, घंटी वाजली, अन् माहं पुढचं गेलं कुठीतरी. ते वाट पाहात राह्यले. लय वेळ पाह्यली त्यायनं. मंग म्हनले, "जा बेटा. समजलं."

काय समजलं? काय समजलं त्यायले?

१६ जानेवारी

मेटाडोर दिवसभर हरिसिंगकडं. मोठे बाबा सकाळपासून तिकडंच. जातानी घरातली फुलाफुलाची चादर घेऊन गेले. कायले? गाडी इकून राह्यले का? हर्षल माह्याकडं पाहून हासते. आईनं तराजू पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. जेवली नाही.

मी काल सांगतलं असतं पुरं, तं?

१७ जानेवारी

पाइप उजवीकडूनच हाये. पन तुटलेल्या जुन्या पाइपचा तुकडा हरिसिंगनं घासून घासून केबिनच्या आत जोडला, डायव्हर अन् बाकीच्या सीटायच्या मधात. दांडी केली त्याची. दांडीवर फुलाफुलाची चादर. पडदा! मोठे बाबानं डावीकडचं दार उघडलं अन् दुसरीकडं तोंड करून उभे राह्यले. आई चढली. मी मधात. तराजू आईच्या मांडीवर.

गाडी निघाली अन् समजलं — पडद्यापायी मोठ्या बाबाले डावीकडचा आरसाच दिसत नाही! पडद्यामांगून म्हनले, "डावीकडं काय हाये वं अंजू? तूच पाह्यजो, तूच सांगजो. जोरानं!"

"सायकल," म्हटलं. मंग "बैलगाडी, बाजूनं!" मंग "थांबा! शेळ्या!" गाडी थांबली. आई पालकाचा देठ चावत हासली.

मोठे बाबा म्हने, "एवढा आवाज होता तं कुठी लपवला होता वं पोट्टे?"

शेलूबाजारपावतर बोलतच गेली. आता घसा बसला. उद्या पुन्हा जाचं हाये.