वाटीतली तिकिटं

नॉटिंगहॅम, नोव्हेंबर २००६

प्रिय आई,
वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमचं भाड्याचं घर म्हणजे शहराजवळच्या खेड्यातलं जुनं रेल्वे स्टेशन. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालं, रूळही उचलून नेले. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर रोज एक टोपीवाले आजोबा दिसायचे, म्हणून दिवाळीचे लाडू वाटीत घालून त्यांना दिले.

शेजारीण म्हणाली, तशी टोपी इथले स्टेशनमास्तर घालायचे. शेवटची गाडी गेली त्याच वर्षी ते वारले. चेष्टा करत असेल, तू घाबरू नकोस.

आज वाटी दारात होती, लख्ख धुतलेली. रिकामी परत करू नये, हे त्यांना कुणी शिकवलं? आत पुठ्ठ्याची दोन जुनी तिकिटं होती. एक पूर्ण, एक अर्धं.

आई, मला दिवस गेलेत, हे मी अजून हृषीकेशलासुद्धा सांगितलेलं नाही.

तुझीच,
आश्लेषा