पाटीवरचं पहिलं नाव

मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजात शिकवलेली प्राचीन रोममधल्या एका खानदानी बाईची गोष्ट घरी आईलाही सांगितली. तिला मताचा हक्क नव्हता, पण व्यापाऱ्यांसाठी तिनं मोठी इमारत बांधली आणि दारावर नाव कोरलं. आधी स्वतःचं, मग मुलाचं.

"आधी स्वतःचं?" मेथी निवडता निवडता आईनं दोनदा विचारलं.

पैठणजवळ आईच्या माहेरी वाचनालय आहे. जागा तिच्या वाट्याची, तिनंच दिलेली. पाटीवर मात्र फक्त बाबांचं नाव. मला हे इतकी वर्षं कसं खुपलं नाही? म्हणे इतिहास शिकवते!

आत्ता ती फोनवर रंगाऱ्याला ठणकावतेय. अभिमानानं मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतेय.

"आधी माझं, मग ह्यांचं. कोणी विचारलं तर सांगा, रोममधी लई आधीपासून असंच हाय."