खुकुरीची बुजवलेली खाच

प्रिय दिलबहादूर,

माफ कर, लिहायला फार उशीर केला. तुझं मयत पेटीतून विमानानं नेपाळला गेलं तेव्हाच चार ओळी लिहायच्या होत्या. पण माझी शाळा चौथीपर्यंतची. नेपाळी मला येत नाही. रत्नागिरीच्या आंब्याच्या बागा राखता राखता तू मराठी शिकलास, म्हणून मराठीतच लिहितो.

आज लिहायलाच हवं. तुझ्या लेकीचा, सुनीताचा फोन आला होता. दसऱ्याच्या पूजेत ठेवायला तिला बाबांची खुकुरी हवी आहे, तुझी ती कमरेची वाकडी सुरी. तुमच्या गावचा माणूस सुट्टीवर चाललाय, तो शुक्रवारी न्यायला येईल. आणि खुकुरी बिघडली आहे रे!

सोहारला हॉस्पिटलात जाताना ती तूच माझ्या हाती दिलीस. मी ती इथं आखातातच, अल अमेरातला मुलाच्या घरी कपाटात ठेवली. मध्ये मी तापानं पडलो होतो, तेव्हा ती फैयाजच्या नजरेस पडली. मुठीजवळ पात्याला खाच आहे ना, माझ्या पोराला वाटलं तुकडा उडालाय. कोकणातलं पोर, त्यानं कोयताच पाहिलेला. नेली वर्कशॉपमध्ये, खाच वेल्डिंगनं भरली, घासून चकचकीत करून आणली. "अब्बा, बघा, नवी झाली," म्हणाला. प्रेमानंच केलं त्यानं.

त्या खाचेचं तू दर वेळी वेगळं सांगायचास. कधी गाईचं खूर, कधी महादेवाचा त्रिशूळ. मी हसलो तेव्हा म्हणालास, "भाई, तुमच्या आंब्याची फांदी तोडली की चीक इथूनच खाली गळतो, मुठीवर येत नाही. आता पटलं?" पटलं होतं.

कामगारांच्या कॅम्पातली ईद आठवते? हलाल मी करायचो, तुकडे तू. तुझं मनगट जेमतेम हलायचं. वजन सगळं पुढं, पात्याच्या पोटात. वाक असा की उचलायचं काम आपलं, पडायचं काम तिचं. मुठीचं बूड रुंद, म्हणून ओल्या हातातूनही सुटायची नाही. म्यानाच्या मागं दोन छोटी पाती, एक धारेचं, एक बोथट. बोथटाला कशाला जागा, असं मी विचारलं. तू म्हणालास, "खुकुरीला धार तोच लावतो, भाई. घरात एक म्हातारा लागतोच."

एवढं सगळं सांगितलंस, छातीत दुखतंय ते मात्र सांगितलं नाहीस. का रे?

मत्रहच्या बाजारात एका दुकानात खाच नसलेली एक दिसली होती. तू हातसुद्धा लावला नाहीस. "ही पूजेला चालत नाही," म्हणालास. तेच आता माझ्या डोक्यात घुमतंय.

काल मी स्वतः वर्कशॉपमध्ये गेलो. वेल्डर म्हणाला, "चाचा, खलास." आगीनं पात्याचं पाणी उतरलंय, पुन्हा खाच कापली तर तिथूनच तडकेल. फैयाज म्हणतो, दुसरी मागवू. दुसरी घेऊन सुनीता काय करील? मूठ तुझ्या हातानं झिजलेली आहे. तिच्याकडे तुझं दुसरं काय आहे?

फोनवर ती विचारत होती, "चाचाजी, अच्छी है ना?" मी इन्शाल्ला म्हटलं आणि खोकला काढला.

शुक्रवारी त्या माणसाच्या हाती खुकुरी देण्याआधी मी सुनीताला सगळं खरं सांगीन, हा माझा शब्द. फैयाजचं नाव घेणार नाही. माझ्या ताब्यात होती, माझ्याकडून गेली. ती रडेल. तिचे काका ही खुकुरी देव्हाऱ्याजवळही येऊ देणार नाहीत, असंच वाटतं. दुरुस्ती मला कुठंच दिसत नाही. तुला काही ठाऊक असेल तर शुक्रवारच्या आत स्वप्नात ये. माझ्या येऊ नकोस हवं तर, तिच्या ये. पण लवकर कळव रे.

तुझा
इस्माईलभाई