निखिलच्या फोटोतला माणूस

शुक्रवार, संध्याकाळ

कॉर्निशवरची, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावरची, ती जागा फोटोसाठी मी शोधली होती. समोर पाणी, पलीकडे टॉवर. फ्रेममध्ये सारखं कुणी ना कुणी येत होतं, म्हणून ती रिकामी होईपर्यंत इथला दाट दुधाचा करक चहा घेऊन कठड्यावर जाऊन बसलो आणि तिथेच रमलो. तेवढ्यात रूममेट निखिलने माझ्याच जागेवरून फोटो काढला.

आता इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्या फोटोची नुसती वाहवा. जोशीकाकू लिहितात, "तो चहा पिणारा माणूस आहे ना, त्याच्यामुळे टॉवर केवढे वाटतात."

निखिल म्हणाला, "यल्ला, चल, जळू नकोस, चहा पाजतो."

जळू नको तर काय करू? जागा माझी. चहा पिणारा माणूससुद्धा मीच. फोटो आईला पाठवावा म्हणून कोपऱ्यात छापलेलं निखिलचं नाव कापायला गेलो, तर नावाबरोबर मीही कापला जातोय.