दुधाच्या डब्यातले केक

८ डिसेंबर
वाळू धुतली. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली, गच्चीत वाळवली, चाळली. आईच्या जाड बुडाच्या पातेल्यात तळाला ही वाळू असायची. तिच्यावर दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, डब्यात केकचं मिश्रण, पातेल्यावर झाकण. आमच्याकडे ओव्हन कधीच नव्हता. तरी वर्षअखेरच्या सुट्ट्या लागायच्या आत ओळखीच्या सगळ्या घरी आमचा केक पोचलेला असायचा. आई गेल्यानंतरचा हा पहिला डिसेंबर. यंदाही पोचणार. मी करणार!
बाबांना सांगितलं. पेपरातून वर न बघता म्हणाले, "कशाला उगीच?"

१० डिसेंबर
कशाला, ते इथे लिहितो. बाबांना हे घर सोडायचंय. आत्याच्या शेजारी एक खोली रिकामी झाली आहे. घर सोडणार का, हो की नाही, ते आमच्या घरमालकाला महिनाअखेरपर्यंत सांगायचं. मी म्हटलं, पण का? तर म्हणे, "दोन माणसांना एवढं घर काय करायचंय?" एवढं घर! दोन खोल्या, आणि वळलं की कोपर लागेल असं स्वयंपाकघर!
मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही. पण घरात तो वास सुटला – संत्र्याच्या सालीचा – तर बाबांचं मन फिरेल. नक्की फिरेल. केकच्या दिवशी ते कामावरून लवकर यायचे. दारातूनच ओरडायचे, "माझा कुठला?" आई म्हणायची, "जळेल तो तुमचा." आणि एक तरी जळायचाच.

११ डिसेंबर
दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला डावी काच उजवीकडे बसवली. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय साहेब?" लक्ष मैद्यात होतं.

१४ डिसेंबर, रविवार
पहिला केक. सगळं मोजून-मापून. मैदा दोनदा चाळला. आच मंद. भाजताना एकदाही झाकण उघडलं नाही. निघाला तो सपाट, सोनेरी, अंगावर डब्याचे कंगोरे उमटलेले. बेकरीच्या काचेआड ठेवावा असा!
चाखला. चांगला आहे. आईचा नाही.
वास सुटायला लागला तसे बाबा चपला घालून बाहेर गेले. जेवायलाच आले. तुकडा पुढे केला. "छान झालाय," म्हणाले. अर्धा ताटलीत तसाच.

१७ डिसेंबर
सकाळी कामावर जायच्या आधी दुसरा केला. साल जास्त किसली. कडूजहर. बाबा पुन्हा बाहेर, चहा अर्धा टाकून! माणूस इथे जिवाचा आटापिटा करतोय आणि यांना दोन मिनिटं बसवत नाही.

१९ डिसेंबर
खालच्या शिवणकाकूंकडे गेलो. कपडे शिवून उरलेल्या रंगीत पट्ट्या त्या दर वर्षी आईला द्यायच्या, पुडे बांधायला. रविवारच्या केकचा तुकडा नेला होता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो उलटासुलटा पाहिला.
"हा कुणी केला?"
"मी. आईच्याच पद्धतीनं."
"काहीतरीच! तुझ्या आईचा मधे बसायचा. हा एवढा खळगा. तिला धीर होता का? घडीघडी झाकण उचलून बघायची. मी म्हणायचे, अगं, जरा एकटं सोड त्याला. तर म्हणे, मला करमत नाही."
"मग मधे ओलसर राहत असेल."
"ओलसर? कच्चा म्हण, कच्चा! आमची पोरं त्याच्यावरून तर मारामाऱ्या करायची."
दातानं दोरा तोडत हसल्या. मग मी नको म्हणत असताना पट्ट्यांची अख्खी पिशवी दिली.
मी कसा विसरलो? लहानपणी माझ्या केकचा खळगा मी बोटानं कोरून खायचो. मला वाटायचं केक असतोच तसा. विहिरीसारखा.

२० डिसेंबर
पुड्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या. 'सुट्टीच्या शुभेच्छा.' 'शुभेच्छा' आधी जुन्या पेपरावर लिहून पाहिलं. शाळा नववीत सुटली, ते लोकांच्या लक्षात असतं. त्यात चिठ्ठीत चूक नको.

२१ डिसेंबर, रविवार
बसले! सगळे बसले! दर थोड्या वेळानं झाकण उचलत होतो, मनाला किती जड गेलं ते माझं मलाच माहीत. पण प्रत्येकाच्या मधोमध खळगा. एक जळलासुद्धा. वास बाहेरच्या खोलीपर्यंत, दोरीवरच्या शर्टांना, उशीच्या अभ्र्यांना. तपकिरी कागद, रंगीत पट्टी, चिठ्ठी. टेबलावर रांग लावली. अगदी तेव्हासारखी. आई त्या रांगेकडे बघून कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "विकतचं काय, कुणीही देईल."
बाबा घरात नव्हते.

२२ डिसेंबर
वाटून आलो. दवाखान्यातल्या कंपाउंडरनी तिथेच पुडा सोडला, खळगा पाहिला, म्हणाले, "अरे! वहिनींचा केक!" पोस्टमन पिशवीत ठेवण्याऐवजी पुडा हातातच धरून पुढे गेले. घरमालक म्हणाले, "यंदाही? वा! तुझ्या वडिलांनी ठरवलं का काही?" मी म्हटलं, "ठरवतायत." मनात म्हटलं, नाहीच म्हणणार ते. आता फक्त बाबांचा करायचा राहिला. त्यांना गरम गरम देणार, वाफेसकट. बाहेर कसे जातात ते बघतो!

२४ डिसेंबर
बाबांचा केक लावला. ते पुन्हा निघालेच. अडवायला दारापर्यंत गेलो, तोवर ते जिना उतरायला लागले होते.
परत आलो, झाकण उचललं. खळगा पडत होता. साल, साखर, तापलेली वाळू – वास अगदी तोच. मी मागे वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आई, बघ ना!"
ओट्याजवळ कुणी नव्हतं. बाबांना या घरात हे रोजच होत असणार. केक नसतानाही.
गॅस बंद केला. पुन्हा एकदा पाहिला. खाली गेलो. बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. मला बघून सरकले.
बसलो. म्हटलं, "बाबा, घरमालकांना हो सांगू या."