कप्तान ज्योत्स्ना

वडसा, ऑगस्ट २००८

प्रिय ज्योत्स्ना,

आपलं जहाज अजून समुद्रातच आहे. तू लग्न होऊन कुरखेड्याला गेलीस तेव्हा वादळ सुरू होतं. ते मी तसंच थांबवून ठेवलंय. खेळ मी चालवते, वारा माझ्या हुकमानं वाहतो. रविवारी दुपारी सायबर कॅफेत बसून मी कॉम्प्युटरवर निळा नकाशा उघडते. इंटरनेटवरून नागपूरहून रईसभाई येतो, चंद्रपूरहून कोलू. आपापल्या पडद्यावर दोघं खलाशी सरकवतात, फासेही तिथंच पडतात. लाइट गेली की समुद्रही जातो. खरा समुद्र आपल्यातल्या कोणीच पाहिलेला नाही, पण त्यावाचून कोणाचं अडलं नाही.

समुद्री चाच्यांनी घेरलं तेव्हा रईसभाई शरण जायला निघाला होता. तू दिवे विझवायला लावलेस आणि जहाज खडकांमधून काढलंस. तू टाइप करत होतीस तेव्हा मी शेजारीच होते. मागच्या महिन्यात कोलू म्हणाला, कप्तान वादळात बुडाली असं दाखवू आणि पुढं जाऊ. मी लिहिलं, लग्न झालं म्हणून माझ्या जहाजावर कोणी बुडत नाही. आणि नकाशा बंद केला.

लोक अब्बांनाही ऐकवतात, पोरगी परक्या पोरांसंगं जहाजं चालवते म्हणून. अब्बा शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणतात, "तुमच्या पोरीले चालवता येत असन तर तिलेबी पाठवा."

परवा तुझे यजमान निकेशभाऊ धान घेऊन वडशाला आले होते, ते कॅफेतही आले. नीट बोलले, चहा घेतला. मग म्हणाले, "ज्योत्स्नाचं नाव काढून टाका त्या खेळातून. लोक हासतात. तिलेच आता नाई पाहिजे."

मी म्हटलं, "भाऊ, नाव तिनं लिहिलं. काढायचं तर तीच काढन."

ते उठून गेले.

म्हणून हे पत्र. तुला नको, हे मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही. खरंच नको असेल तर तू सांग; मी रागावणार नाही, कप्तानाला मानानं बंदरावर उतरवीन. आणि हवं असेल, तर रविवारी सकाळच्या बसनं ये. निकेशभाऊंनाही आण, त्यांना बसायला खुर्ची आहे. हे पत्र तुझ्याआधी घरात कोणी वाचलं तर वाचू दे. म्हणूनच लिफाफा चिकटवलेला नाही.

रविवारी दार उघडं ठेवणारी,
तुझीच
आफ्रीन